कोचीच्या शीतगृहातला अरबी समुद्र

मी कोचीला असते म्हटलं की लोक हमखास विचारतात, "मग मल्याळम आलं का?" ही कोची केरळातली नव्हे, जपानच्या शिकोकू बेटावरची. विमानतळाजवळच्या विद्यापीठाच्या आवारात कोची कोअर सेंटर आहे, तिथे मी पीएचडी करते. समुद्रविज्ञान म्हणजे बोट, लाटा, डॉल्फिन, अशी घरी समजूत. दोन वर्षांत मी संशोधन जहाजावर एकदाही पाय ठेवलेला नाही. माझा समुद्र चार अंशांच्या शीतगृहात, मांडणीवर आडवा ठेवलेला असतो.

समुद्रतळात पोकळ नळी घुसवून गाळाचा जो दंडगोल वर काढतात, तो कोअर. त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे करून उभे चिरतात. एक फाक पुढच्यांसाठी जपून ठेवायची, दुसरीतून आमच्यासारख्यांनी नमुने घ्यायचे. समुद्रतळाच्या आंतरराष्ट्रीय खोदकामांचे कोअर तीन ठिकाणी ठेवले आहेत: जर्मनीत ब्रेमेन, अमेरिकेत टेक्सास आणि इथे. हिंदी महासागर कोचीच्या वाट्याला आला. म्हणून हर्णैची मी, दारातल्या समुद्राचा चिखल बघायला जपानला येऊन बसलेय.

2015 मध्ये 'जॉइडिस रेझोल्यूशन' हे जहाज कोलंबोहून निघालं आणि दोन महिन्यांनी मुंबईला लागलं. मधल्या काळात त्यानं अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन किलोमीटरहून जास्त पाण्याखाली, दोन जागी खोदलं. एका जागी तर तळाखाली अकराशे मीटरच्या पुढे. गाळ बराचसा सिंधूनं आणलेला. पण त्यात नर्मदा-तापीकडचीही माती आहे, म्हणजे आपल्या काळ्या कातळाची. खाली 300 मीटरहून जाड असा सगळा कालवाकालव झालेला थर लागतो. सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडचा समुद्रातला उतार कोसळला, त्याचा हा राडा. नाव दिलंय नटराज. शोभतंय.

माझं काम मात्र वरच्या, शांत थरातलं. चमचाभर गाळ 63 मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याखाली धरायचा. चिखल वाहून जातो, चाळणीवर उरते पांढुरकी पूड. सूक्ष्मदर्शकाखाली ती पूड म्हणजे नुसते शंख: फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची कवचं. 'ग्लोबिजेरिना बुलॉइडिस' ही त्यातली माझी लाडकी जात. नैर्ऋत्य वारे जोरात वाहिले की ओमानच्या बाजूला खालचं थंड, सकस पाणी वर येतं आणि ही फोफावते. ती किती आहे यावरून तेव्हाच्या वाऱ्यांचा अंदाज बांधतात. कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, तेव्हाच्या पाण्याचा.

तर ही कवचं एकेक करून निवडायची. तीन शून्य नंबरचा ब्रश ओला करायचा, टोकानं दाणा उचलायचा, स्लाइडवरच्या चौकटीत ठेवायचा. आजी सुपात तांदूळ निवडते ना, तस्संच. फक्त इथे खडे टाकून द्यायच्या ऐवजी खडेच ठेवायचे. पहिल्या महिन्यात तीन तासांची निवड एका शिंकेत गेली. शेजारच्या मुलानं काही न बोलता मास्कचं खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. इथे सांत्वन असंच करतात. संध्याकाळी मात्र सगळ्यांनी मिळून कात्सुओ खायला नेलं. ट्यूनाच्या जातीचा मासा, भाताच्या पेंढ्यावर वरवर भाजलेला, आतून कच्चा. आमसूल असतं तर बहार आली असती.

बाकी इथल्या लोकांचं समुद्राशी नातं आपल्यासारखं नाही. समोर नानकाई गर्ता आहे, मोठे भूकंप घडवणारी समुद्रतळातली खोल घळ. 1946 चा भूकंप आणि त्सुनामी म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे. मी आले तेव्हा आधी दुकान नाही, त्सुनामीत चढायचा मनोरा दाखवला होता.

परवा आजीला व्हिडिओ कॉलवर कोअरची फाक दाखवली. हिरवट करडा, ओला चिखल.

"अगो, हा तर आपल्या खाडीतला! यात तिसऱ्या मिळतात का?"

"शंख मिळतात, पण अगदी बारीक."

मी स्लाइड कॅमेऱ्यासमोर धरली. आजी पुढे वाकली.

"थांब हं, चष्मा आणते."