टपटप पाणी आणि मागाचं वजन

पंधरा ऑगस्टच्या भाषणांत सैनिकांचं शौर्य येतं, कारागिरी सहसा येत नाही. म्हणून यंदा नववीच्या पोरांना मी बांगलादेश मुक्तियुद्धातली १५ ऑगस्ट १९७१ ची रात्र सांगितली. पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांत बंगाली तरुण पोहत शिरले. आपल्या नौदलाने त्यांना पलाशीजवळ भागीरथीत तयार केलं होतं. छातीशी बांधलेला लिंपेट सुरुंग जहाजाला चिकटवायचा, त्यातली गोळी पाण्यात विरघळली की स्फोट. पण पोहून पोचायच्या आतच ती विरघळायची भीती. मग तिच्यावर कंडोम चढवला आणि जहाजापाशी गेल्यावर काढला. वर्गात मी ‘रबरी पिशवी’ म्हणून वेळ मारून नेली. मागच्या बाकांना कळायचं ते कळलंच.

मला स्वतःला जास्त आवडतो तो पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला लढलेला ऑस्ट्रेलियन सैनिक विल्यम स्करी. डिसेंबर १९१५. ऑस्ट्रेलियन सैन्याला रात्रीच्या अंधारात खंदक सोडायचे होते आणि समोरच्या तुर्कांना पत्ता लागू द्यायचा नव्हता. म्हणजे माणूस नसताना बंदूक उडायला हवी. आधी वाळू वापरून पाहिली, ती धड वाहीना. मग स्करीने एकाखाली एक दोन डबे टांगले. वरच्याला छिद्र, पाणी थेंबथेंब खालच्यात. तेवढ्यानेही भागेना, कारण डबा जड होतो हळूहळू आणि चापाला हवा असतो हिसका. शेवटी भरलेल्या डब्याने मातीची पेटी खाली पाडली, पेटीच्या धक्क्याने चाप ओढला गेला. रिकाम्या खंदकांतून गोळ्या सुटत राहिल्या.

पेटीचा भाग मी पोरांना मुद्दाम सांगितला नाही. त्यांनी तेलाचे डबे टांगले, बंदुकीऐवजी टेबलाला सायकलची जुनी घंटी. नळाला रोज पाणी नसलेल्या गावातली पोरं, सांडलेलं सगळं परत बादलीत! डबा भरला, दोरी ताणली, घंटीचा खटका आला सावकाश खाली. आवाज नाहीच.

‘‘सर, झटका पाहिजे की!’’ गावाच्या पूर्व भागातला, मागवाल्या घरातला एक जण म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने दप्तरातून पॉवरलूमच्या बीमला, म्हणजे उभं सूत गुंडाळलेल्या रुळाला टांगतात ते लोखंडी वजन काढलं, टेबलाच्या कडेवर असं तोलून ठेवलं की डबा भरताच ते खाली यावं. ट्रिंग! वर्ग डोक्यावर.

मधल्या सुट्टीत त्याचे वडील फाटकाशी हजर. मागाचा बीम ढिला पडला होता. वजन परत देण्याआधी त्यांना घंटी वाजवून दाखवावी लागली.