रात्री अडीचचा गोळा

परवा रात्री अडीचला डाव्या पोटरीत गोळा आला आणि मी असा काही ओरडलो की बायको लाईट लावून आधी दाराची कडी बघून आली, चोरच शिरला असं वाटलं तिला. मी आपला पाय धरून बसलोय, पोटरी हाताला दगडासारखी लागतीय, आणि ही विचारतीय, "अहो, नक्की कुठं दुखतंय?"

आता कारण मला माहीत होतं. सप्टेंबरात आमच्या साताऱ्यात हिल मॅरेथॉन असते, यवतेश्वरचा घाट चढून परत यायचं, २१ किलोमीटर. मी काय त्यात पळत नाही, पण गावातली माणसं पहाटे उठून पळायला लागली की माझ्याही अंगात येतं. अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर 'चार भिंती' नावाचं स्मारक आहे, तिथपर्यंतच जायचं म्हणून निघालो नि अख्खा किल्ला चढलो, पाण्याची बाटली घरीच, आणि खाली आल्यावर पाण्याच्या आधी कंदी पेढे!

सकाळी उपाय सुरू. शेजारच्या काकू म्हणाल्या, उशाखाली अडकित्ता ठेव. जिमवाला भाचा म्हणाला, मामा, केळं खा. कुणी मॅग्नेशियमची गोळी सांगितली, तिचा म्हणे वयस्कर माणसांच्या रात्रीच्या पेटक्यांवर फारसा फायदा दिसलेला नाही. आणि प्रत्येकाला गुण आलेला! येणारच की, गोळा बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत आपला आपणच सुटतो, तेवढ्यात जे हाताला लागेल त्याला क्रेडिट.

त्यातल्या त्यात खरं काम करतं ते म्हणजे गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्याकडं ओढायची. झोपेत पाऊल खाली झुकतं, पोटरी आधीच आखडलेली असते, ती ताणली की सोडते. म्हणून आता झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला चिकटवून मी पोटऱ्या ताणतो. बायको म्हणते, भिंत पाडताय का? (एकाच पोटरीला सूज आली, गरम लागली, दुखणं थांबेचना, तर मात्र सरळ डॉक्टर, रक्ताची गुठळी असू शकते.)

अडकित्ता पण आहे उशाखाली, असूदे. फक्त जेवण झालं की आई अख्ख्या घराला विचारत फिरते, माझा अडकित्ता कुणी नेला रे?