एकशे सदतीस नंबरची चादर

तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबक रस्ता आमचा राहत नाही. आदल्या रात्रीपासूनच ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेल्यांची रीघ लागते, खासगी गाड्या अडवतात आणि एसटीच्या जादा बस तेवढ्या पळतात. नाशिकहून येणारा निम्मा स्टाफ त्या दिवशी पोहोचत नाही, म्हणून मी रविवारीच होस्टेलवर मुक्काम टाकते. एका इंटरनॅशनल शाळेत मी समुपदेशक आहे. मुलं ‘काउन्सेलर मॅम’ म्हणतात, लाँड्रीतल्या मावशी ‘म्याडम’.

त्या सोमवारी सकाळी साडेआठला मावशी माझ्या दारात उभ्या. रात्रभर फेरी करून, वीसेक किलोमीटर चालून, घरी न जाता थेट कामावर आलेल्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल. मला वाटलं, सुट्टी मागतील.

“म्याडम, एकशे सदतीसची चादर तीन आठवडं झाले, येईना. कपडे येत्यात, अभ्रा येतो. चादर नाही.”

आमच्याकडे प्रत्येक कपड्याच्या आत नंबराची सुती पट्टी शिवलेली असते. मावशींना मुलांची नावं ठाऊक नसतात. पण कोणता नंबर कॉलर चावतो, कोणाच्या खिशात पोळीचा तुकडा निघतो, हे त्या झोपेतून उठवलं तरी सांगतील. १३७ म्हणजे सहावीतला मुलगा, अकरा वर्षांचा. आईवडील मस्कतला, आजोबा इंदिरानगरला. जूनमध्ये दाखल झालेला.

मुलं वर्गात होती. आम्ही दोघी आणि हाऊसमास्तर त्याच्या खोलीत गेलो. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत बुटाची नाडी बांधलेली, तिच्यावर चादर. पावसाळ्यात आमच्या होस्टेलला सगळीकडेच कुबट वास असतो, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नव्हतं. मावशींनी चादरीचं टोक नाकाशी नेलं.

“अंगाचा साबण लावलाय. राती धुतंय पोरगं.” मग हळूच म्हणाल्या, “रागवू नका हं त्याला.”

आता माझी गोष्ट. आमच्याकडे दर शुक्रवारी मुलं टॅबवर एक फॉर्म भरतात. पाच चेहरे असतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आठवडा कसा गेला ते बोटाने दाबायचं. १३७ ने दर वेळी सगळ्यात हसरा चेहरा दाबला होता, आणि माझ्या अहवालात तो हिरव्या रकान्यात होता. तो अहवाल मीच प्राचार्यांना दिला होता. चांगला रंगीत काढून.

इतकी वर्षं कोरडा झोपणारा मुलगा अचानक अंथरूण ओलं करायला लागला की माझ्यासारखीच्या डोक्यात एकच रांग लागते: घरची आठवण, आईवडिलांचं काही बिनसलंय, मोठी मुलं छळताहेत, की त्याहून वाईट काही. त्या शेवटच्या शक्यतेने पोटात गोळा येतो. तसं काही निघालं तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं भाग असतं, मग शाळेचं नाव वगैरे गोष्टी बाजूला. आणि विचारायचं तेही जपून. ‘कुणी हात लावला का’ असं आपणच त्याच्या तोंडात घालायचं नसतं.

मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. चादरीचं नाव न काढता रात्र कशी जाते, एवढंच विचारलं. “आय ॲम फाइन, मॅम.” खोलीतल्या मुलांबद्दल विचारलं, फाइन. जेवण, फाइन. आई रोज फोन करते, फाइन. वीस मिनिटं मी शिकले होते ते सगळं करून पाहिलं. बीनबॅगवर तो पाठ ताठ ठेवून बसला होता, त्यात बुडू नये म्हणून.

शेवटी सिस्टरकडे नेलं. आधी त्यांनी लघवीची पट्टी लावली, कारण अशा वेळी साखर आणि जंतुसंसर्ग बघावाच लागतो. दोन्ही नव्हतं. मग त्याला झोपवून पोटावर हात फिरवला. डावीकडे खाली बोटं थांबली.

“बेटा, शी कधी झाली होती?”

तो छताकडे बघत मोजायला लागला. “थर्सडे.”

“रोज का नाही जात?”

आणि मग तो पहिल्यांदा सलग बोलला, इंग्रजी-मराठी मिसळून. मजल्यावर तीन संडास. मधल्याची कडी तुटलेली. डावीकडच्यात फ्लश चालत नाही. उजवीकडच्याबाहेर सकाळी पीटीच्या आधी रांग असते, मोठी मुलं दार वाजवतात, कोणीतरी वरून डोकावतं आणि हसतं. म्हणून तो धरून ठेवायचा. आतडं भरलं की मूत्राशयावर दाब येतो. मग अंथरूण ओलं. ते होऊ नये म्हणून त्याने पाणी कमी केलं, त्याने मलावरोध आणखी वाढला. “इट्स नॉट बिकॉज आय मिस होम,” त्याने मला स्पष्ट सांगितलं. जरा चिडूनच.

नाशिकच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. रस्ता बंद, म्हणून ताप-उलटी नाही ना एवढं विचारून त्यांनी मंगळवारी बोलावलं. मंगळवारी त्यांनी तपासून तेच सांगितलं: शौच मऊ करणारं औषध, आणि तेही आठवड्याभरात बंद न करता काही महिने, दिवसा भरपूर पाणी, नाश्त्यानंतर दहा मिनिटं संडासात निवांत बसायचं. त्याच्या आईला मी फोन केला तेव्हा ती आधी रडली, मग हसली, मग कडीबद्दल जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बोलली ते बरोबरच. सोमवारी दुपारी मी दुरुस्तीची वही मागवली. कडीची तक्रार जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली, समोर ‘प्रलंबित’. त्याच महिन्यात माझ्या खोलीला आकाशी रंग लागला होता आणि सहा बीनबॅग आल्या होत्या, मी मागितल्या म्हणून. वही घेऊन प्राचार्यांकडे गेले. सुतारकाका फेरीच्या गर्दीत अडकले होते, म्हणून संध्याकाळी वॉचमनदादांनीच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कडी बसवली. वरून डोकावणाऱ्याचा बंदोबस्त हाऊसमास्तरांनी केला. सहावीला पीटीला दहा मिनिटं उशिरा यायची सूट मिळवायला मात्र मला तीन मीटिंगा लागल्या.

चादरीचं बाकी कोणी कोणाला सांगितलं नाही. मावशींनी त्या दिवसापासून १३७ ची गादी झाकायला एक जुनं रबरी कापड आणि दोन जास्तीच्या चादरी गुपचूप कपाटात ठेवल्या.

गणपती बसल्यानंतरच्या आठवड्यात मी लाँड्रीवरून जात होते. आतून मावशींचा आवाज आला, चांगलाच चढा.

“म्याडम, हे बघा तुमचं एकशे सदतीस! फुटबॉलचे बूट घालून झोपतंय का काय गादीवर? हा चिखल निघतो तरी का?”