जिल्हा युवा पुरस्काराचा अर्ज: सात दाखल्यांची गोष्ट

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचं चारित्र्य चांगलं असल्याचं पोलिसांनी लेखी द्यावं, अशी अट होती. अडचण एवढीच, की अध्यक्ष चार वर्षांपूर्वी वारले होते.

हे सांगितल्यावरही अर्ज घेणाऱ्या खिडकीपलीकडचे साहेब जागचे हलले नाहीत. "मग मृत्यूचा दाखला जोडा. आणि त्यांच्या जागी कोण आलं, तो बदल अर्ज मंजूर झाल्याची प्रत जोडा." एवढं बोलून त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. 214 पानांची फाईल. आतलं एकही पान त्यांनी उलटलं नव्हतं. वरची यादी वाचली आणि तिथेच बोट ठेवलं.

या गोष्टीला आता बराच काळ लोटला, पण राग काही पुरता गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय. शिवाय आसपासच्या मंडळांतली पोरं अधूनमधून फोन करतात, "दादा, त्या पुरस्काराला काय काय लागतं?" दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

पुरस्कार म्हणजे जिल्हा युवा पुरस्कार. राज्याच्या 2012 च्या युवा धोरणातून आलेला, क्रीडा व युवक सेवा खात्याचा. जिल्ह्यात एक युवक, एक युवती आणि एक नोंदणीकृत संस्था, अशी निवड होते. युवक-युवतीला 10,000 रुपये, संस्थेला 50,000, सोबत गौरवपत्र आणि सन्मानचिन्ह. व्यक्तीचं वय 13 ते 35, जिल्ह्यात सलग 5 वर्षं राहिलेली हवी, सरकारी-निमसरकारी नोकर चालत नाही. संस्थेच्या नोंदणीला 5 वर्षं झालेली हवीत. याच्या वर राज्याचा पुरस्कार आहे, त्याच्याही वर केंद्राचा. पण आमच्यासारख्या मंडळाने आधी जिल्ह्याचं बघावं.

मी मंडळाचा सचिव. म्हणजे हिशेब, पत्रं, मंडपवाल्याशी भांडण आणि शिबिराच्या दुसऱ्या दिवशी खुर्च्या मोजून परत देणं हे माझ्याकडे. आम्ही दोन अर्ज करायचे ठरवले: एक मंडळाचा, आणि एक आमच्या एका पोराचा. पोराचं नंतर सांगतो. लेखापरीक्षण अहवाल, घटनेची प्रत, नोंदणी प्रमाणपत्र, कामांचे फोटो, कात्रणं हे सगळं चार संध्याकाळींत जमलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गाडी अडली ती चारित्र्याच्या दाखल्यावर. अर्जदाराचा, आणि संस्था असेल तर तिच्या सदस्यांचा, पोलिसांनी दिलेला चारित्र्याचा दाखला लागतो. आता सदस्य म्हणजे कोण? आमच्या वहीत वर्गणी देणारे सदस्य 63 आहेत. मी धसका घेतला. फोन केला तर कळलं, कार्यकारिणीचे पुरेत. हुश्श केलं आणि चालू कार्यकारिणीतल्या सातही जणांना कामाला लावलं. ऑनलाइन अर्ज, आधार, फोटो, मग ठाण्यातून बोलावणं, मग जिल्ह्याच्या कार्यालयातून दाखला. आमचे खजिनदार तीन वेळा ठाण्यात जाऊन आले, कारण पहिल्या दोन्ही वेळा साहेब बंदोबस्ताला गेलेले. पण मुदतीच्या दोन दिवस आधी सात दाखले माझ्या हातात होते. मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, छातीशी धरून एसटीने जिल्ह्याला गेलो.

आणि खिडकीवर प्रश्न आला, "ही नावं परिशिष्ट एकवर कुठे आहेत?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी झाली की परिशिष्ट एक नावाचा एक उतारा मिळतो. त्यावर विश्वस्तांची नावं असतात. कार्यकारिणी बदलली, कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, तर 90 दिवसांच्या आत बदल अर्ज करून तो उतारा दुरुस्त करून घ्यायचा असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 मध्ये आहे हे. आमच्या मंडळाने नोंदणीच्या दिवसापासून एकदाही केलं नव्हतं. दर तीन वर्षांनी सभा व्हायची, नवी माणसं यायची, नारळ फुटायचा, इतिवृत्त लिहिलं जायचं आणि वही कपाटात. सरकारच्या लेखी आमचं मंडळ अजून नोंदणीच्या दिवशीच उभं होतं, त्याच सात माणसांना घेऊन.

त्या सातांचा हिशेब मी एसटी स्टँडवर बसून केला. अध्यक्ष अण्णा वारलेले. उपाध्यक्ष मुलाकडे परराज्यात. तेव्हाचे सचिव नोकरीला दुसऱ्या शहरात, म्हणजे त्यांचा दाखला तिकडच्या पोलिसांकडून. दोघे गावातच, पण त्यांचं मंडळाशी वाजलेलं. एकाशी तर माझंच, गणपतीच्या वर्गणीवरून. एक काका 70 च्या पुढचे, "युवा मंडळाच्या कागदासाठी मी आता ठाण्यात जाऊ का रे?" म्हणणारे. आणि सातवा? सातवा पोलीस शिपाई झालेला. पोलिसाने पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायचा होता.

सहा वर्षं शिबिरं घेणारा मी, किंवा ते पोर, आमचं नाव त्या उताऱ्यावर कुठेच नव्हतं. काम करणारे कागदावर नाहीत आणि कागदावरचे कामाला नाहीत. साहेबांना मी हेच म्हणालो, जरा आवाज चढवून. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण मी कागद बघतो." आता विचार केला तर त्यांची चूक नव्हती, हे मला मान्य आहे. त्या दिवशी मान्य नव्हतं. मी फाईल उचलली, "ठेवा तुमचा पुरस्कार" असं काहीतरी बोललो आणि निघालो. पोराचा अर्ज मात्र त्याच खिडकीवर द्यायचा राहिला, तेवढ्यासाठी बाहेर चहा पिऊन पुन्हा आत जावं लागलं. मान खाली घालून.

पुढचं सगळं वर्ष बदल अर्जात गेलं. इतक्या वर्षांचा उशीर, म्हणून आधी विलंब माफीचा अर्ज. मग प्रत्येक सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठराव, नव्यांची संमतीपत्रं, जुन्यांचे राजीनामे. नोटिशी आम्ही चावडीवरच्या फळ्याला चिकटवायचो. त्याचा पुरावा काय असणार? एका सभेचं इतिवृत्त सापडलं, पण हजेरीच्या पानावर कुणीतरी कबड्डीचे गुण लिहिलेले. चार तारखा पडल्या. ज्यांच्याशी माझं वाजलं होतं, त्यांच्या ओट्यावर जाऊन मी राजीनाम्यावर सही मागितली. त्यांनी चहा दिला, सही दिली आणि वर्गणीचा विषय पुन्हा काढला.

तेव्हा कुणी अर्जाचा विचार करत असेल तर जाहिरात येण्याची वाट बघू नका. आजच परिशिष्ट एकची प्रमाणित प्रत काढा आणि त्यावरची नावं मोठ्याने वाचा. वाचताना हसू आलं तर समजा तुमचंही आमच्यासारखंच आहे. जाहिरात आल्यावर हातात दहा-बारा दिवस असतात, त्यात हे होत नाही.

आता पोराचं. तेवीस वर्षांचा, शांत. शिबिर असलं की पहाटे येऊन सतरंज्या टाकणार, रक्तपेढीच्या गाडीला रस्ता दाखवायला फाट्यावर उभा राहणार, अभ्यासिकेची चावी वर्षभर त्याच्या खिशात. लावलेल्या रोपांना उन्हाळ्यात टँकर आला की पाईप धरणारा तोच. पुरस्कार कुणाला द्यायचा असा प्रश्न कुणी मंडळात विचारला असता तर सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं असतं.

त्याची फाईल करायला बसलो. माझ्या मोबाइलमध्ये, मंडळाच्या पेनड्राइव्हमध्ये मिळून 900 च्या वर फोटो. त्यात तो शोधायला लागलो. नाही. वृक्षारोपणात नाही, रक्तदानात नाही, अभ्यासिकेच्या उद्घाटनात नाही. फीत कापायला आलेले पाहुणे आहेत, कात्रीचं ताट धरलेला खजिनदाराचा पुतण्या आहे, जो त्यानंतर कधी अभ्यासिकेत फिरकला नाही. हा नाही. रात्री अकराला डोक्यात उजेड पडला: फोटो काढणारा तोच होता. सहाही वर्षं.

एका फोटोत मात्र सापडला. सकाळच्या उन्हात रोपं लावणारी पोरं, आणि पुढे जमिनीवर कोपर वर करून उभी असलेली एक लांब सावली. तो फोटो मी फाईलमध्ये लावला आणि खाली लिहिलं, "अर्जदार (सावली)". आमचे खजिनदार म्हणाले, काढ तो, थट्टा वाटेल. काढला नाही. पहिल्या वर्षी त्याची निवड झाली नाही, त्यात त्या फोटोचा वाटा होता की नव्हता, देव जाणे.

फोटो नाहीत म्हटल्यावर दुसऱ्या वर्षी आम्ही पत्रांच्या मागे लागलो, आणि इथे मला एक गोष्ट कळली. "सदर युवक होतकरू असून समाजकार्यात अग्रेसर आहे" या छापाची पत्रं गावात कुणीही देतं, आणि फाईल तपासणाऱ्याने तशी शेकड्याने पाहिलेली असतात. आम्ही मुख्याध्यापकांना विनंती केली, की गुणगान नको, फक्त लिहा: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आठवड्याचे किती दिवस, किती मुलं. रक्तपेढीकडून शिबिराची तारीख आणि जमलेल्या पिशव्यांचा आकडा असलेलं पत्र घेतलं. हे पत्र शिबिराच्या दिवशीच मागा, दोन वर्षांनी मागितलं की जुनी रजिस्टरं काढावी लागतात आणि तोंडं वाकडी होतात. ग्रामपंचायतीच्या पत्रावर जावक क्रमांक आहे का बघा. आमच्या एका पत्रावर नव्हता, सरपंचांच्या मागे पुन्हा दोन दिवस.

कात्रणांवरून आठवलं. बातमी कापताना वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख असलेला वरचा पट्टाही कापून घ्या. आमच्याकडे बातम्यांचा गठ्ठा होता, एकावरही तारीख नाही. एका बातमीच्या मागच्या बाजूला कांद्याचे भाव होते, त्यावरून महिना ठरवायचा प्रयत्न खजिनदारांनी केला. काम मोजतात ते मागच्या तीन वर्षांचं, 1 एप्रिल ते 31 मार्च असं, त्यामुळे त्याच्या आधीचं कितीही भारी असलं तरी वरच्या पानांवर लावू नका. पानांना क्रमांक द्या, प्रत्येक प्रतीवर सही करा. स्पायरल बायंडिंग शेवटच्या दिवशी करा, आधी केलं की हमखास एक कागद घालायचा राहतो.

या खटाटोपात मंडळाची एक सवय बदलली. कॉलेजात एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांचे तास लिहिले जातात. वर्षाला 120, दोन वर्षांचे 240 आणि सात दिवसांचं शिबिर, की प्रमाणपत्र. गावात तेच काम करणाऱ्या पोराचा एक तासही कुठे लिहिलेला नसतो. आम्ही शंभर पानी वही आणली: तारीख, काम, तास, सही. सुरुवातीला पोरांनी टिंगल केली, "दादा, पगार सुरू होणार का?" मग एकाला कळलं की आपण गेल्या वर्षी 96 तास दिलेत, आणि तो दुसऱ्याचे तास विचारायला लागला. आता वर्षअखेरीच्या सभेत तासांचा आकडा लिहिलेलं प्रमाणपत्र देतो. ट्रॉफ्या बंद केल्या. ट्रॉफी कपाटावर धूळ खाते, हे प्रमाणपत्र एका मुलीने नोकरीच्या मुलाखतीला नेलं, आणि तिथे त्यावर दहा मिनिटं बोलणं झालं म्हणे. चढाओढीत खोटे तास लिहिणारेही निघाले, दोघे. त्यांची सही आता मी समोर घेतो.

दुसऱ्या वर्षी बदल अर्ज मंजूर झालेला उतारा घेऊन त्याच खिडकीवर गेलो. साहेब तेच. सातही नावं त्यांनी पेनाच्या टोकाने एकेक करत दाखल्यांशी जुळवली, पोच दिली, आणि म्हणाले, "सावलीवाले तुम्हीच ना?"

संस्थेचा पुरस्कार दुसऱ्या एका संस्थेला गेला. त्यांचं काम आमच्यापेक्षा मोठं होतं, मी जाऊन बघून आलो. पोराची निवड झाली.

1 मे ला ध्वजारोहणानंतर पालकमंत्र्यांच्या हस्ते सत्कार होता. आम्ही अकरा जण सकाळी सहाच्या गाडीने गेलो. त्याचं नाव पुकारलं, तो इस्त्रीच्या शर्टात वर गेला, आणि खाली आम्हा अकरा जणांच्या एकदम लक्षात आलं की फोटो काढणारा मंचावर आहे. मी घाईने मोबाइल वर केला. पुढच्या गृहस्थांचा फेटा आला, सन्मानचिन्हाचा अर्धा भाग आला, त्याचा एक कान आला.

परतीच्या गाडीत त्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला, फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग शर्टाच्या टोकाने मागची काच पुसली आणि मोबाइल परत दिला. "दादा, निदान लेन्स तरी पुसायची."