न्यू ऑर्लिन्स: जेफ डेव्हिसला उतरा म्हणाले

न्यू ऑर्लिन्समध्ये पहिले दोन दिवस आम्ही सगळे करतात तेच केलं, फ्रेंच क्वार्टर, पिठीसाखरेत बुडवलेले बेन्ये, रात्री जॅझ. तिसऱ्या दिवशी नवरा कॉन्फरन्सला आणि मी मोकळी. ह्यूस्टनहून गाडीने येताना हायवेवरून हिरव्या छपरांच्या बिल्डिंगा दिसल्या होत्या, ती झेवियर युनिव्हर्सिटी, म्हटलं बघून येऊ.

कॅनॉल स्ट्रीटच्या लाल ट्राममध्ये शेजारच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, जेफ डेव्हिसला उतर. उतरले तर पाटीवर नॉर्मन सी. फ्रान्सिस पार्कवे! आपल्याकडे नाही का, रस्त्याचं नाव बदलून वर्षं झाली तरी रिक्षावाला जुनंच सांगतो, तस्संच.

पण हे बदललेलं नाव साधंसुधं नाही हं. जेफरसन डेव्हिस म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचा प्रेसिडेंट. याच चौकात त्याचा पुतळा होता, तो २०१७ मध्ये काढला, मला चौथरासुद्धा दिसला नाही, नुसतं गवत आणि शेजारून खडखडत जाणारी ट्राम. आणि २०२१ पासून रस्त्याला नाव कोणाचं, तर लाफायेटच्या एका कृष्णवर्णीय न्हाव्याच्या मुलाचं.

रस्त्याच्या मधल्या हिरव्या पट्ट्याला इथे न्यूट्रल ग्राउंड म्हणतात, त्यावरून घाम पुसत चालत गेले. झेवियर म्हणजे आपले जुन्या गोव्यात चांदीच्या पेटीत असलेले सेंट फ्रान्सिस झेवियर, त्यांचंच नाव! फिलाडेल्फियाच्या बँकरची मुलगी कॅथरीन ड्रेक्सेल नन झाली आणि वारशाचा पैसा तिने अशा शाळा-कॉलेजांत ओतला, १९२५ मध्ये ही युनिव्हर्सिटी झाली. कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या युनिव्हर्सिट्यांमध्ये कॅथलिक अशी ही एकच.

रस्त्याला नाव असलेले नॉर्मन फ्रान्सिस इथलेच विद्यार्थी, मग शहरातल्याच लोयोला युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमधून १९५५ मध्ये पास झालेले पहिले कृष्णवर्णीय. वकिली करून मस्त कमावता आलं असतं, पण परत इथेच आले, डीन म्हणून. १९६१ मध्ये बसमधला वर्णभेद मोडायला निघालेले फ्रीडम रायडर्स अलाबामात मार खाऊन न्यू ऑर्लिन्सला पोचले, हॉटेलं दारात उभं करेनात, तेव्हा याच डीनने त्यांना हॉस्टेलमध्ये ठेवलं. मला विचाराल तर पुढच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा हे भारी, कारण तेव्हा नोकरी आणि कॉलेज दोन्ही पणाला लागलं होतं.

युनिव्हर्सिटीचं प्रेसिडेंटपद त्यांनी स्वीकारलं ४ एप्रिल १९६८ ला, म्हणजे ज्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली त्याच दिवशी, वय ३७. आधी हे पद नन्सकडे असायचं. आणि हे सोडलं कधी, तर २०१५ मध्ये! ४७ वर्षं एकाच खुर्चीवर म्हटलं की मला आपले काही संस्थाचालकच आठवतात आणि कपाळावर आठी येते, पण इथे हिशोब वेगळा. मेडिकलला जाणाऱ्या कृष्णवर्णीय पोरांच्या आकड्यात हे छोटंसं कॉलेज वर्षानुवर्षं देशात पहिलं.

२००५ च्या कॅटरिना चक्रीवादळात अख्खा कॅम्पस पाण्यात. वय ७४, 'जानेवारीत कॉलेज उघडणार' म्हणाले आणि २००६ च्या जानेवारीत उघडलंच, वर राज्याच्या पुनर्वसनाचं कामही अंगावर. त्या वर्षीचा पदवीदान ऑगस्टमध्ये झाला, पाहुणे होते तेव्हाचे सिनेटर ओबामा.

दुपारी परत स्टॉपवर आले आणि नवऱ्याला मेसेज केला, मी जेफ डेव्हिसला उभी आहे. सेंड केल्यावर लक्षात आलं, मग डिलीट करून नीट पूर्ण नाव लिहिलं.