पिकअपचा हेडलाईट, एक गंजलेला नट आणि पाच वेळा 'फाल्या ये'

काम म्हटलं तर अर्ध्या दिवसाचं. बल्ब बदलायचे, रिलेची वायरिंग टाकायची, झालं. मला नऊ दिवस लागले आणि तेही ऐन एप्रिलमधे, आंब्याचा सीझन फुल चालू असताना. अजून त्या दुकानासमोरनं गेलो की डोकं फिरतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

गाडी आमची देवगड साइडला असते, आठ वर्षं झाली. सीझनला आंब्याच्या पेट्या, बाकीच्या दिवसांत मासळी. संध्याकाळी भरायची आणि रात्री नांदगाव तिठ्यावरनं सरळ फोंडाघाट चढून कोल्हापूर. ज्यांनी तो घाट रात्री चढलाय त्यांना सांगायला नको, वर गेलं की दाजीपूरचं जंगल, धुकं, आणि गवे. गवा काळा, रस्ता काळा, आणि तो हेडलाईटकडे बघत नसेल तर डोळेपण चमकत नाहीत. मार्चमधे एक असाच मधोमध उभा, मला दिसला तेव्हा अंतर इतकं कमी की ब्रेक मारल्यावर मागच्या पेट्या केबिनला येऊन धडकल्या. तो निवांत बघून निघून गेला, माझे पाय मात्र राधानगरीपर्यंत थरथरत होते. त्याच रात्री ठरवलं की लाईटचं काहीतरी करायचंच.

लाईट म्हणजे साधे एच4 हॅलोजन, 60/55 वॅटचे, एकाच बल्बमधे दोन फिलामेंट, म्हणजे पेटणाऱ्या तारा, अप्परला (लांबचा उजेड) 60 आणि डिपरला (जवळचा, खाली पडणारा) 55. उजवा तर वर्षभर पिवळाच होता, मेणबत्तीसारखा. बल्ब जुना झाला असेल म्हणून मी सोडून दिलेलं. आणखी एक गंमत, डिपरवर असतानासुद्धा डॅशबोर्डच्या मीटरमधला अप्परचा निळा दिवा अगदी मंद पेटलेला दिसायचा, फक्त पूर्ण अंधारात. तेही सोडून दिलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी मोजलं ते बरं केलं, पण अर्धवट मोजलं. गाडी स्टार्ट, लाईट चालू, बल्ब लावलेला असताना मल्टिमीटर लावायचा, बल्ब काढून मोजलं तर आकडा चांगलाच येतो आणि आपण फसतो. बॅटरीवर 13.9 व्होल्ट, डाव्या बल्बच्या पिनांवर 11.4. अडीच व्होल्ट वाटेतच गायब, कारण कंपनीच्या वायरिंगमधे सगळा करंट त्या बारक्या वायरीतनं स्टिअरिंगच्या स्विचपर्यंत जाऊन परत पुढे येतो. आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्ट दहा टक्के कमी झाले तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो, म्हणजे माझा डावा, ज्याला मी 'चांगला' समजत होतो, तोच जवळपास अर्ध्यावर चालला होता. उजवीकडे बॅटरी आडवी येते, मल्टिमीटरच्या पिना घालायला हात जाईना, म्हणून ती बाजू मोजलीच नाही. दोन्हीकडे तेच असणार ना, असं धरून चाललो. नऊ दिवसांतले निदान आठ या आळसाचे.

रिलेची वायरिंग म्हणजे काय ते थोडक्यात. रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीवरनं फ्यूज लावून जाड वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, 87 वरनं सरळ बल्बला. जुना हेडलाईटचा सॉकेट फक्त रिलेची कॉइल ओढायला वापरायचा, 85 आणि 86, तिला पाव अँपियरसुद्धा लागत नाही. म्हणजे स्विचवरचा लोड गेला आणि बल्बला बॅटरीचे व्होल्ट मिळाले. अप्परला एक रिले, डिपरला एक. रेडिमेड किट साडेसहाशेला मिळालं, सिरॅमिक होल्डरवालं, वायर अडीच स्क्वेअर एमएमची. प्लॅस्टिकचे होल्डर घेऊ नका, वितळतात.

आता दुकान. नाव-गाव सांगत नाही, माणूस वाईट नाही, पण सीझनला त्याच्याकडे गाड्यांची रांग आणि तोंडात एकच शब्द, 'फाल्या ये', म्हणजे मालवणीत उद्या ये. दोनदा नुसतं फाल्या फाल्या करून तिसऱ्या दिवशी गाडी घेतली. काम तीन तासांत केलं, बल्ब मात्र त्याने स्वतःच्या मनाने 100/90 चे टाकले, 'अरे कशाक 60 टाकतंस, दिवस दिसतलो'. मीपण हावरट, हो म्हटलं. संध्याकाळी लाईट लावून बघतो तर डावा खरंच दिवस, आणि उजवा? तसाच. मेणबत्ती. डावा जोरात झाल्यामुळे उलट आणखीच गरीब दिसत होता.

तो म्हणाला बल्ब डुप्लिकेट आला. डावीकडचा उजवीकडे लावला, तरी उजवाच मंद. म्हणजे बल्ब नाही, हे तिथेच कळायला हवं होतं, पण मीपण बघत उभा. मग म्हणे रिले खराब, फाल्या ये, नवा रिले आणून ठेवतो. गेलो, रिले बदलला, रिलेचे आणि मजुरीचे मिळून चारशे घेतले, फरक शून्य. आता शांतपणे विचार केला तर, डिपरचा एकच रिले दोन्ही बल्बना सप्लाय देतो, तो खराब असता तर दोन्ही दिवे मंद झाले असते, एकटा उजवा कसा होईल? पण दुकानात उभं राहिलं की आपलं डोकं त्याच्याकडे गहाण पडतं.

नंतर आल्टरनेटर वीक आहे म्हणाला. मग किट लोकल आहे, कणकवलीवरनं दुसरं मागवतो, फाल्या ये. एक दिवस तर कहर, मी गेलो, त्याने बोनेट दाणकन आपटलं आणि उजवा झक्कास पेटला! 'बघ, झाला मां.' मीपण खुश, चहा पाजला त्याला. घरी पोचेपर्यंत रस्त्याच्या खड्ड्यांत परत मेणबत्ती. फोन केला तर पलीकडून काय आलं असेल ते सांगायला नको. तोपर्यंत माझ्या तीन फेऱ्या दुसऱ्याच्या गाडीला भाडं देऊन गेल्या होत्या. आंबा थांबत नाही हो, पेटीतला माल पिकायला लागला की तो तुमच्या लाईटची वाट बघत बसत नाही.

नवव्या दिवशी मामा घरी आला. मामा आमचा ट्रॉलरवर असतो, इंजिनाचं आणि बोटीवरच्या वायरिंगचं तोच बघतो. मी रडगाणं सुरू केलं, बल्ब, रिले, आल्टरनेटर. त्याने अर्ध्यात तोडलं, 'खंयचो बल्ब नि खंयचो रिले, आदी अर्थ बघ.' अर्थ म्हणजे अर्थिंग, करंट बल्बमधनं बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट. मग म्हणाला डिपर लाव, आणि तसंच ठेवून पासिंगचा झटका दे, म्हणजे अप्पर क्षणभर मार. दिला, तर उजवा दिवा पूर्ण विझला. मी चाट. जोरात व्हायचा सोडून विझतो कसा? मामा हसला फक्त. मल्टिमीटर मागितला, एक टोक उजव्या होल्डरच्या अर्थच्या पिनवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. तिथे फार तर पाव व्होल्ट दिसायला हवा. आले पावणेआठ.

झालं होतं असं की उजव्या दिव्याची अर्थ बॅटरीच्या ट्रेखाली एका नटाला आहे, बॅटरीच्या अ‍ॅसिडची वाफ वरनं आणि समुद्राची खारी हवा सगळीकडनं, तो नट गंजून भाकरी झालेला. अर्थ मिळत नाही म्हटल्यावर करंट डिपरच्या फिलामेंटमधनं शिरून त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधनं उलटा बाहेर, तिथनं अप्परच्या वायरीने डाव्या बल्बच्या अप्परमधे आणि मग डाव्याच्या अर्थला. तीन फिलामेंट एकामागोमाग, मग मेणबत्तीच होणार. त्याच उलट्या करंटने मीटरमधला निळा दिवा पेटायचा! नवीन वायरिंग टाकल्यावर निळा दिवा बंद झाला, कारण त्याची वायर आता रिलेच्या अलीकडे राहिली, आणि मी समजलो की चला, एक तरी प्रॉब्लेम सुटला. आणि पासिंगला अप्पर-डिपर दोन्ही वायरींवर सप्लाय आला की करंटला उलटं जायला वाट उरत नाही, दिवा ठप्प. आमच्या दुकानदाराने नव्या किटची काळी वायर काढून त्याच गंजलेल्या नटाखाली आवळली होती. नवीन साडी, फाटका परकर.

मामाने एक वायरचा तुकडा घेऊन होल्डरची अर्थ सरळ बॅटरीच्या मायनसला टेकवली आणि उजवा असा पेटला की समोरच्या कलमावरच्या कैऱ्या मोजता आल्या असत्या. मला आनंद व्हायच्या आधी राग आला. 'वायर नाय सडत रे, जोड सडता,' एवढं बोलून तो जेवायला गेला.

मग मी स्वतःच केलं. ट्रे काढला, नट तोडावा लागला, जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली, वायरीच्या टोकाला नवीन लग (नटाखाली बसणारी धातूची कडी), नवा नट-बोल्ट, आवळून वर पेट्रोलियम जेली थापली. शिवाय दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी एकत्र करून एक जाड वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली. कोकणात किनाऱ्यावर राहत असाल तर बॉडीच्या अर्थच्या भरवशावर राहू नका.

100/90 चे बल्ब पंधरा दिवसांत काढले. त्यांच्या बॉक्सवर बारीक अक्षरात ऑफ-रोड वापरासाठी असं लिहिलेलंच होतं, मी वाचलं नव्हतं. समोरच्याला त्रास, पोलिसांना कारण, आणि आठ वर्षांनंतर व्यावसायिक गाडीचं फिटनेस दरवर्षी असतं, तिथे कोण वाद घालत बसणार. रिफ्लेक्टरपण तापतो. आता चांगल्या कंपनीचे 60/55 चेच पण जास्त उजेडवाले टाकलेत, त्यांचं आयुष्य साध्या बल्बपेक्षा कमी असतं, चालेल. आता दोन्हीकडे 13.5 मिळतात आणि खरं सांगतो, घाटाला एवढं पुरतं. निळसर पांढरे बल्ब घेऊ नका, तो निळा थर उजेड खातो आणि पावसात रस्ता दिसतच नाही. एलईडीचं विचाराल तर, हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमधे बसवलेला एलईडी भरपूर लोकांचा बघितला, उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत.

आणि हो, काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की तिथेच तापून बल्ब जातो, हे आधी सांगायला हवं होतं. रिले बसवताना पाय खाली येतील असा बसवा, नाहीतर पावसाळ्यात आत पाणी साठेल. लाईटचा अँगल भरलेल्या गाडीवर सेट करा, मी पेट्या भरून, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून डिपरची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा पाच-सहा सेंटीमीटर खाली आणली. रिकाम्या गाडीवर सेट केलं की माल भरल्यावर तोंड वर होतं आणि समोरून येणारा एसटीवाला अप्पर मारून शिव्या घालतो.

बदललेला जुना रिले चांगलाच होता, तो अजून दुकानातच आहे. मागितला परवा. काय म्हणाला असेल?