आंगवण पायांनी फेडताना

आंगवण, म्हणजे नवस, पप्पांची होती. ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि आयसीयूतून बाहेर आल्या आल्या ते म्हणाले, सायबाकडे, म्हणजे जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिस झेवियरांकडे, चालत जाणार. मे महिन्यात धाकट्याचं पहिलं कम्युनियन झालं, पावसात मम्मीच्या साखरेची औषधं बदलली, मग नाताळाआधीचे दिवस आले. 2024 हे सायबाच्या दहा वर्षांनी येणाऱ्या शवप्रदर्शनाचं वर्ष, 21 नोव्हेंबर ते 5 जानेवारी. त्यामुळे आंगवण पुढच्या वर्षावर ढकलायचा प्रश्नच नव्हता.

हृदयाच्या डॉक्टरांनी आधी ट्रेडमिल टेस्ट करून घेतली आणि मगच हो म्हटलं. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत आणि छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात भरून आलं तर तिथेच बसायचं, ही त्यांची अट. जिभेखाली ठेवायची गोळी पप्पांच्या खिशात हवी, सामानाच्या टेम्पोत नव्हे. टेम्पो नेहमी दोन किलोमीटर पुढे असतो, त्यामुळे हे लिहून ठेवावंसं वाटतं. सराव तीन महिने आधी सुरू करावा. आरंभ तीन किलोमीटरनी, दर आठवड्याला थोडीच वाढ, आणि निघायच्या आधी पंधरवड्यात एकदा तरी सलग अठरा-वीस किलोमीटर, तेही त्याच बुटांत आणि त्याच पिशवीसकट. नवे बूट घालून निघालेला माणूस बांद्यालाच लंगडतो.

सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चमध्ये मिस्सा झाली आणि काळोखातच निघालो. नोव्हेंबर सरता सरताही दुपारी पारा बत्तीसच्या आसपास जातो आणि हवेत दमटपणा असतो. म्हणून पहाटे चार ते साडेदहा आणि संध्याकाळी चार ते सात एवढंच चालायचं. महामार्गावर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. पुढच्या आणि मागच्या माणसाच्या अंगात चमकणारं जॅकेट, मधल्यांच्या हातात टॉर्च. इन्सुलीच्या घाटात रोझरीचे, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचे, पाचही भाग झाले. काळोखात पुढून एक आवाज ‘नमो मरिये’ सुरू करतो, मागून बाकीचे पुरं करतात आणि चढ कधी संपला ते कळत नाही.

बांदा, तेरेखोलचं पात्र, मग पत्रादेवी. हुतात्मा स्मारकापाशी दोन मिनिटं उभे राहिलो. 15 ऑगस्ट 1955 ला इथे सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या होत्या. मग गोव्याची हद्द.

धारगळच्या पुढची दुपार मात्र सांगायलाच हवी. साडेदहाला थांबायचं ठरलं होतं, पण पुढच्या टेम्पोवरचा भोंगा जोरात गीतं वाजवत राहिला आणि तुकडीचा म्होरक्या कोलवाळपर्यंत ओढायचं म्हणाला. मला राग आला, अजूनही येतो. साठीच्या माणसांना भर उन्हात आणखी सहा किलोमीटर ओढण्यात भक्ती कुठे आहे? डांबर तापलं की बुटाच्या आत पाय घामाने भिजतो, भिजलेलं कातडं मऊ पडतं, मग मोजा घासतो आणि वरचा थर खालच्यापासून सुटतो. त्या फटीत पाणी भरतं, तो फोड. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, म्हणून तो टाळावा. आत पातळ सिंथेटिक आणि वर जाड असे दोन मोजे असले की घासणं दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर होत नाही. बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा, तोही संध्याकाळी, पाय सुजलेले असताना. नखं चार-पाच दिवस आधी सरळ कापावीत, कोपरे गोल करू नयेत.

फोड येण्याआधी ती जागा गरम लागते आणि चुरचुरते. तिथेच थांबायचं, पाय पुसून कोरडा करायचा आणि कागदी चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावायची. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल केले तर ती लवकर निघत नाही. पट्टी लावायची असेल तिथे व्हॅसलीन लावू नये, चिकटत नाही. फोड आलाच आणि लहान असेल तर फोडू नये, भोवती गादीसारखी पट्टी लावावी. मोठा, ताणलेला आणि पाऊल टाकू न देणारा असेल तर साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला एक-दोन भोकं पाडून पाणी काढावं. वरचं कातडं ओढून काढू नये, खालच्या कोवळ्या थराला तेच झाकतं. हे सगळं धडधाकट माणसासाठी. साखरेच्या रुग्णाच्या पायाला घरगुती सुई लावायची नाही, डॉक्टरांनाच दाखवायचं.

कारण मम्मीला काहीच कळलं नव्हतं. साखरेने पायाची जाण कमी होते, गरम लागत नाही, चुरचुरत नाही. म्हणून दर थांब्याला दुसऱ्याने तिचे तळवे, टाचा आणि बोटांच्या मधल्या जागा बघायच्या असं ठरलं होतं. त्या दुपारी तिच्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग दिसला आणि मोज्याला ओल. ती म्हणाली, सायबासाठी एवढं सोसलं तर काय झालं. मी तिला स्पष्ट सांगितलं, आंगवण चालण्याची आहे, पाय गमावण्याची नाही.

रस्त्याकडेच्या घरातल्या बाईने आम्हाला पाहिलं. अंगणात तुळस, ओटीवर सुपारी वाळत घातलेली. तिने हाक मारली, “बस गे बाय, पाय कशे जाल्यात पळय.” पळय म्हणजे बघ. नाव-गाव काही विचारलं नाही. आत जाऊन घमेलंभर ऊन पाणी आणि मीठ घेऊन आली. आमच्यातल्या बाकीच्यांनी त्यात पाय सोडले. मम्मीने सोडले नाहीत, कारण जाण नसलेल्या पायाला पाणी किती गरम आहे ते समजत नाही आणि भाजलेलंही कळत नाही. हे त्या बाईला सांगायला मला अवघड वाटत होतं. पण ती लगेच समजली. तिच्या सासऱ्यांनाही साखर होती. तिने घमेलं बाजूला सारलं, साध्या पाण्याने मम्मीचा पाय स्वतः धुतला, धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्याने टिपला आणि बोटांच्या मध्ये कोरडं केलं. मग आम्ही न चिकटणारं ड्रेसिंग लावलं आणि टाचेचा भार बाजूला जाईल अशी फोमची कडी बसवली.

मम्मीचा हात थरथरत होता म्हणून साखर तपासली, 64 निघाली. सत्तरच्या खाली गेली की तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. वर आली की मग जेवण. त्या बाईने पेज आणि कैरीचं लोणचं वाढलं ते अगदी वेळेवर. चालताना साखर उतरतेच, आणि रात्रीही उतरू शकते, म्हणून इन्सुलिनची मात्रा किती कमी करायची ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. चालायच्या दिवशी मांडीत टोचू नये, राबणाऱ्या स्नायूजवळून ते लवकर रक्तात जातं. पोटावर घ्यावं. पेन ओल्या फडक्याच्या पिशवीत ठेवावं, टेम्पोच्या टपावर नाही.

पाण्याबद्दलही सांगते. तासाला साधारण अर्धा लिटर, घोट घोट. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटरमध्येच कालवायची, अर्ध्या बाटलीत नाही. त्या लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, हे साखरेच्या माणसाने हिशेबात धरावं. हृदयाच्या रुग्णाला मीठ किती चालेल तेही डॉक्टरांनाच विचारावं. आणि रिकाम्या बाटल्या शेतात भिरकावू नयेत. सायबाचं नाव घेत जाणाऱ्यांच्या मागे बाटल्यांची रांग राहते, ते बघवत नाही.

कोलवाळचा पूल उतरत्या उन्हात ओलांडला. म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीपुढे, म्हणजे मरियामातेपुढे, मेणबत्ती लावली. पर्वरीत पहाट झाली.

बेतीहून पणजीला फेरीबोटीने गेलो, चालणाऱ्याला तिकीट नाही आणि पुलावरच्या गाड्यांपासून सुटका. त्या दहा मिनिटांत पप्पा कठड्याला धरून मांडवीकडे बघत उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते. पुढे रायबंदरची बांधाची वाट, 1633-34 मधली, तीन किलोमीटर, सावली नाही. दोन्ही बाजूंना खाजण आणि मिठागरं, रस्ता अरुंद. इथे एकेरी रांगच हवी. लितानी, एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायची ती प्रार्थना, इथेच म्हटली. ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणताना गळा दाटून आला, आणि त्याच क्षणी मागून मोटारसायकलवाल्याने हॉर्न दाबून धरला.

जुन्या गोव्यात बाँ जेझूस चर्चमध्ये एरवी उंचावर चांदीच्या पेटीत असणारे सायबाचे अवशेष प्रदर्शनासाठी खाली उतरवून से कॅथेड्रलमध्ये ठेवले होते. रांग लांब, आणि पेटीसमोर उभं राहायला मिळतात थोडेच क्षण. म्हणून सायबाला सांगायचं ते रांगेतच सांगून घ्यावं. उभं राहताना पोटऱ्या आखडतात, दर काही मिनिटांनी टाचा उचलाव्यात. पप्पांनी कपाळ काचेकडे झुकवलं, क्रूसाची खूण केली आणि पुढे सरकले. मम्मीने बसायला जागा मागून घेतली आणि स्वयंसेवकांनी तिला वेगळ्या वाटेने नेलं. ही सोय मागावी, संकोचू नये.

परतीला बस पकडली. घरी आल्यावर दोन दिवस झोपताना पाय उशीवर उंच ठेवायचे, बूट उन्हात नाही तर वाऱ्यावर सुकवायचे, चाल पहिल्या आठवड्यात अर्धा तासच. मम्मीच्या टाचेचं ड्रेसिंग डॉक्टरांनी एक दिवसाआड बदललं. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला ती चपलांत आली.